तळं नंबर चार

रात्री दोनला चिंचोळीच्या एमआयडीसीत
पॅडलचं चाक जागं असतं, आणि मी.
गेटवर इरण्णा
रेडिओ कानाशी धरून झोपतो.

चार नंबरच्या तळ्याचा वास बदललाय.
कालपर्यंत कोवळ्या गवारीचा होता,
आज ओल्या पोत्याचा.
मीटर अजून काही बोलत नाही.
मीटर उशिराच बोलतो.
नायना म्हणायचे, धागा तुटला की आधी मागाचा आवाज बदलतो,
चादरीत मग दिसतं.
सोळा मागांच्या खडखडाटात
त्यांना एकाच मागाचा खोकला ऐकू यायचा.
आता हाक मारली तरी ऐकू येत नाही.

थेंब काचेवर घेते.
भिंगाखाली हिरवे ठिपके, नेहमीचे, गप्प,
आणि त्यांच्यात ती,
डोक्यावरची दोन केसाळ चाकं गरगर फिरवत,
शेपटीनं काचेला चिकटून
सगळं तळं तोंडाकडे ओढणारी.
रोटिफर.
पोट पारदर्शक, खाल्लेलं लपत नाही.
आमचं डिझेल तिच्या पोटात, हिरवंगार.

मोजते.
अम्मा विड्या मोजायची तशी, ओठ न हलवता.
पंचवीसची जुडी, चाळीस जुड्यांचे हजार,
वाकडी निघाली की मुकादम बाजूला काढायचा.
इथे वाकडी एकही नाही.
मिलीलिटरला सतरा.
संध्याकाळी तीन होत्या.

सगळ्या बायकाच.
असल्या सुकाळात नर लागत नाही त्यांना;
जिच्या तिच्या मागे एक अंडं लटकलेलं,
परवा त्या अंड्याच्याही मागे अंडं.
वाईट दिवस आले की मात्र नर जन्माला घालतात,
आणि जाड कवचाची वेगळी अंडी
गाळात ठेवून मरतात.

हत्तुरे सर झोपेतून: "किती?"
सतरा.
"सोडून देऊ या का तळं?"
सोडायचं म्हणजे दोन लाख लिटर.
आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो,
त्याआधी घागरी रांगेत उभ्या असतात.
म्हटलं, अमोनिया देऊन बघते.
"आणि शैवालच मेलं तर?"
तर रजिस्टरमध्ये तुमचं नाव लिहीन,
असं मनात म्हटलं.

रात्री तळं आंबटाकडे झुकतं,
आंबटात अमोनिया लागू पडत नाही.
म्हणून आधी कॉस्टिक, पीएच नऊपर्यंत,
मग चाकापाशी अमोनिया, घोटाघोटानं:
तिचा जीव जाईल इतका,
हिरव्याला नुसता ठसका लागेल इतका.
अम्मा मीठ मुठीनं टाकते आणि कधी चुकत नाही.
मी दोनदा मोजते, आणि तरी हात थांबतो.

वासानं इरण्णा उठला.
"नाक जळालं की ओ मॅडम! काय मारलाव?"
गुरं, मी म्हटलं.
"गुरं? हितं?"
चरायला घुसली होती.
त्यानं टॉर्च घेतली
आणि कंपाउंडच्या कडेकडेनं निघाला,
खूर शोधत.

चार वाजता काच पुन्हा.
चौदा थांबलेल्या.
तिघींची चाकं फिरतायत, रेंगाळत,
वीज गेल्यावर पंखा फिरतो तशी.
एकीनं तशातही अंडं सोडलं नव्हतं.
मी भिंग सरकवलं.
मग परत आणलं, मोजायची होती म्हणून.

पाचला सगळ्या.
रजिस्टरमध्ये शेरा: चराई थांबली.
काठावरच्या पापुद्र्याचं काय लिहायचं?
तो वाळून उडतो, चपलेला लागतो,
माझ्याबरोबर सहाच्या बसनं शहरात येतो,
आणि उद्या परत तळ्यावर.

इरण्णा आला, पायाला कुसळं.
"एक खूर घावना. कुंपणबी शाबूत हाय."
हो, म्हटलं, कुंपण शाबूतच आहे.

उजाडतंय. तळ्यावर ओणवी होऊन
नाक पाण्याला टेकेल इतकं खाली नेते.
ओलं पोतं.
त्याच्या खाली, अगदी खाली, गवार.
की मलाच तसं वाटतंय.
नऊला मीटर सांगेल.