पायपुसणं

चर्चच्या तळघरातलं जुन्यापान्याचं दुकान
बुधवारी दहाला उघडतं, बाराला बंद.
गल्ल्यावर एफी पिटमन. गल्ला म्हणजे बिस्किटांचा डबा.
घासाघीस तिला चालत नाही, देवाच्या घरात तर नाहीच.

लाल फ्लॅनेलचा झगा, पन्नास सेंट.
पोस्टमनच्या निळ्या पँटी दोन,
माणूस पोटानं सुटलेला असणार, कापड भरपूर.
पिवळा रेनकोट उचलला, परत ठेवला,
रबर काही हुकातून ओढलं जात नाही.
बटाट्याचं गोणपाट फुकट.

मेरेडिथचं लग्न सहा आठवड्यांवर.
चार हिवाळे तिनं माझ्या दारातला बर्फ उपसला,
पैसे पुढे केले की म्हणायची, "राहू द्या हो, व्यायाम होतो."
तिनं भेटींची यादी दिली आहे सगळ्यांना.
त्यात एक कॉफीचं यंत्र आहे,
त्या किमतीत माझं घर फेब्रुवारीभर ऊबदार राहील.

लाकडी चौकट माळ्यावर होती, हुकही होता,
मुठीला डॉर्कसच्या तळव्याचा खळगा पडलेला.
माझा अंगठा त्यात बसत नाही.
ती सांगायची : पट्टी नखाएवढीच काप.
जास्त रुंद झाली तर गोणपाट फाटेल,
फार अरुंद झाली तर तुझं डोकं.

होडी लाल, घर निळं. समुद्र अडला.
बार्टर्स टिकलचा समुद्र करडा असतो,
निळा फक्त पर्यटकांच्या पोस्टकार्डांवर.

पुढचा बुधवार.
दांडीवर शेवटून दुसरं, करडं लोकरी जॅकेट.
डाव्या कोपरावर हिरवी रफू,
कारण त्या रात्री करडी लोकर संपली होती
आणि डॉर्कसला सकाळपर्यंत थांबवत नव्हतं.
मीच आणून टाकलं होतं इथे, दोन वर्षांपूर्वी,
पिशवीत न बघता.
दोन वर्षांत कुणाच्याच अंगाला आलं नाही.

एफीनं जॅकेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
खूप वेळ डब्याचं झाकण चाचपत राहिली.
"दोन डॉलर," म्हणाली.
मी दिले. एक कमी केला असता
तर मला तिथेच बसावं लागलं असतं.

रात्रभर ते खुर्चीच्या पाठीवर राहिलं.
सकाळी कात्री घेतली, ठेवली.
मग गळ्याशी टोक सापडलं आणि ओढलं,
ओळीमागून ओळ, न दुखता.
जिथे तिनं संपवलं होतं तिथून मी सुरू केलं,
जिथे तिनं सुरू केलं होतं तिथे माझा हात रिकामा.

समुद्र झाला. त्यात एक हिरवा ठिपका,
खडक म्हणा, शेवाळ म्हणा.
होडी मात्र बिघडली. नाक वर, मागे टाच.

लग्नाच्या रात्री हॉलमध्ये वर्तमानपत्र सोडून
हेडलीनं उचलून सगळ्यांना दाखवलं : "वा! बूट!"
सगळा हॉल हसला, अ‍ॅकॉर्डियनवालाही.
मीही हसलो, बराच उशिरा.
मेरेडिथ हसली नाही. हात फिरवत म्हणाली,
"हे आम्ही भिंतीवर लावणार."
"भिंतीला पाय असतात का?" मी म्हटलं,
जरा जोरातच. लोक केककडे वळले.

मार्चमध्ये कॉडचे चार तुकडे घेऊन गेलो.
दार ढकललं तर समोर भुईवर तेच,
चिखल, मीठ, केस,
एक कोपरा आत्ताच विरायला लागलेला.
वर त्यांचं काळं कुत्रं, नाक शेपटीत,
हिरवा ठिपका त्याच्या पोटाखाली असावा.
उठलं नाही ते. एक कान हलवला फक्त.

मी कडेकडेनं पाय पुसले.