तीन पन्नासचा कवडसा

हरिपूरच्या पेवात उतरायच्या आधी
माझा बाप दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही.
उजेडाचं माझं शिक्षण एवढंच.
बाकी अठ्ठावीस वर्षं कॉलेजात शिपाई,
बाटल्या विसळणं, गॅस बघणं, कुलपं.

सुनिती मगदूम मॅडम आल्या, म्हणाल्या,
दस्तगीरमामा, एक खोली पेवासारखी करून द्या.
पेव हा शब्द त्यांचाच. वसगड्याच्या आहेत,
आजोबांची हळद आमच्याकडंच असायची.
मी खिडक्यांना काळा कागद डकवला,
वर लाल झिरोचा बल्ब. नळ्यांना चांदीचा कागद,
चपात्या गुंडाळतात तसा.

नळीत काय, तर लाळेतलं एन्झाइम,
ज्याच्यामुळं भाकरीचा घास फार चावला की गोड लागतो.
त्याच्या खोबणीत मॅडमनी बनवलेला नारिंगी रेणू,
दाराला घातलेल्या अडसरासारखा ताठ.
पिठाला आत वाट नाही, साखर होत नाही.
जांभळा दिवा लावला की त्याचा गुडघा मोडतो,
वाकतो, निसटतो, आणि काम सुरू.
निळा दिवा, नाहीतर साधं ऊन पडलं
की पुन्हा सरळ, पुन्हा अडसर.

मी म्हणालो, म्हणजे बटण.
बटणच, पण पोटातलं.

तीन आठवडे जमलं नाही.
तीनला कागद काढायचे, जांभळा दिवा द्यायचा.
दर दहा मिनिटांनी थेंब काढून आयोडिनमध्ये,
निळाई फिकट, आणखी फिकट,
आणि चारच्या सुमाराला अडायची,
जेवत्याचं ताट कुणी ओढावं तशी.
मॅडमनी पाणी बदललं, मीठ बदललं, रेणू परत बनवला.
पुण्याचे सर फोनवर म्हणाले, रेणूच कच्चा.
त्या दिवशी डबा न उघडता गेल्या.

मला कुणी विचारलं नव्हतं.
बल्बसुद्धा घालवून खोलीत बसलो
हळदीच्या पोत्यांवर बसायचो तसा,
डोळे अंधाराच्या हवाली करून.
पेवात मुरलेल्या माणसाला
सुईएवढा उजेडही दगडासारखा लागतो.
साडेतीन.
तीन पन्नासला भिंतीवर एक कवडसा,
चिंचोक्याएवढा.
हॉस्टेलवर नवी स्टीलची टाकी बसलीय,
तिच्यावरनं उन्हाची तिरीप
पारव्यानं उचकटलेल्या झरोक्यातून आत,
आणि सरकत सरकत नळ्यांच्या स्टँडवर.
सहा मिनिटं होता. मग गेला.

दुसऱ्या दिवशी झरोका बुजवला.
चार वाजले. पाच. निळाई उतरत
कोऱ्या चहासारखी पिवळी झाली.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
निळा दिवा लावला, थांबलं.
जांभळा लावला, चाललं.
निळा. जांभळा.
सात वाजता वॉचमन दार वाजवून गेला.

मला साखर आहे. सकाळी गोळी घेतली
की जेवलो न जेवलो तिचंच राज्य,
अकराला हातातली बाटली थरथरते.
विचारलं, हे माझ्या पोटात कधी?
मॅडम खोटं बोलत नाहीत.
तुमच्या हयातीत अवघड आहे, मामा.
कातडीच्या आत उजेड न्यायचा कसा,
तिथंच अडलंय.

मी म्हटलं, दोरीला कंदील बांधून.
हसल्या. बराच वेळ हसल्या.

वहीत त्या तारखेला ३.५० पुढं लिहिलंय,
झरोका, दाखवणार द. मुलानी.
न नळाचा.
मी दुरुस्त केला नाही.