आंबट

मलकारी म्हणतो, शिंगटा पाणी चाखतो ते मिशीनं.
म्हणतो, आणि विझलेली विडी कानामागं खोवतो.
हिप्परग्याचं तळं अजून राखाडी.
मागं सोलापूर, दिवे न मालवलेलं.

मला हे पटायला हरकत नाही.
बावीस वर्षं मीही पाणी चाखलं, कागदाच्या पट्टीनं.
हौदात बुडवायची, झटकायची,
डबीवरच्या रंगांशी लावून बघायची.
निळी आली तर अजून एक मग ॲसिड.
पोपटी उतरली की पुरे, काढा टॉवेल.
डाइंगमध्ये सगळे मला बोद्दूल मास्तर म्हणायचे.
नाकाला कधी विचारलंच नाही.

ते कधी गेलं, तेही कळलं नाही.
एकदा नागमणी शेजारून धावत आली,
पातेलं काळं, घर धुरानं भरलेलं,
आणि मी तिथंच, चुलीपासून चार हातांवर,
पेपर वाचत.

श्रावंतीच्या वहीत हे सगळं आहे,
कॉलेजात शिकवलेलं, कल्ल्याच्या आकृतीला बाण काढून.
रात्रभर शेवाळ, किडे, मासे, चिखल
श्वास सोडत राहतात.
तो पाण्यात विरघळतो, पाणी किंचित आंबट होतं.
पहाटे सगळ्यात जास्त.
मग ऊन येतं, शेवाळ तोच श्वास खातं,
दुपारी पट्टी निळसर.
म्हणजे तळं रोज आंबतं
आणि रोज निवळतं,
आणि मासा हे जाणतो, मिशीच्या टोकाला,
जसं आपल्याला कळतं
दार कुणी हळूच उघडलं ते.

पण न ओळखीचं आंबट आलं
तर तो थांबतो.
वळतो.
वळायला जागा नसेल तर कल्ले भराभर हलवतो,
अंगावर बुळबुळ ओढून घेतो,
थंडीत आपण चादर ओढतो तशी.
तेही पुरलं नाही तर
अंगातलं मीठ कल्ल्यांतून निसटू लागतं.
पाणी त्याला आतून अळणी करत जातं.

आणि त्याच्याही आधी, वहीत लाल रेघ मारलेली,
त्याचा वास जातो.
मरळ शेजारून फिरते,
सोबत्याचं अंग फाटतं,
भीतीचा वास पाण्यात पसरतो
आणि हा खात राहतो.
ही ओळ वाचताना श्रावंती थांबली.
माझ्याकडं बघितलं नाही तिनं.
पान उलटलं.

एकदा रात्रपाळीत कॅन फुटला होता.
पन्नास लिटर, मागच्या नाल्यात.
वर दोन बादल्या पाणी ओतलं, झालं.
सकाळी घरी जाताना खालच्या डबक्याशी थांबलो.
मेलेलं काही नव्हतं.
नाल्याच्या तोंडाशी एकही मासा नव्हता, एवढंच.
सगळे पलीकडं, खडकाला चिकटून,
एकाच दिशेला तोंडं करून.
आपल्या खडकात चुनखडी असते,
आंबट गिळते ती, मुकाट.
दोन दिवसांनी मासे परत पसरले.
मी कुणाला सांगितलं नाही.
विचारलंही नाही कुणी.

‘कळतंय की त्येला,’ मलकारी म्हणतो,
‘आपल्यापरीस लई आधी.’
जाळ्यातून एक सोडवून माझ्या पिशवीत टाकतो.
पैसे घेत नाही.
मासा पिशवीत तोंड उघडतो, मिटतो,
मिशा प्लास्टिकवर फिरतात,
काय चाखतायत कोण जाणे.

दुपारी नागमणी चिंच कोळते.
जन्मभर जे टाळत आला
त्यातच शिजतो शेवटी.
घरभर वास सुटलाय म्हणे.
शेजारची अंबूबाई खिडकीतून विचारते, चेपला पुलुसू का?
मी ताटावर बसतो.
जीभ शाबूत आहे माझी:
आंबट कळतं, तिखट कळतं.
मासा कुठला, चिंच जुनी की नवी, कढीपत्ता होता का,
ते काही नाही.

नागमणी समोर बसून बघते.
कसं झालंय, असं आता विचारत नाही.
काय कमी आहे, विचारते.

मीठ, मी म्हणतो.