अकरावी

आईच्या हातांना माकूळचा वास यायचा.
साबणाने जात नसे, लिंबाने जात नसे.
त्याच हातांनी ती रात्री ताईच्या पोशाखावर
टिकल्या शिवायची. दोन हजार एकशे चाळीस.
मला आकडा ठाऊक आहे, कारण सुईत दोरा ओवून
टिकली टिकली पुढे सरकवणं माझं काम होतं.

हाचिनोहेच्या बंदरात रात्रभराच्या बोटी परतायच्या
तेव्हा आम्ही रिंककडे निघायचो.
पहाटे साडेचारला बर्फाचं भाडं निम्मं असतं.
मला घरी एकट्याला ठेवता येत नसे, म्हणून
मी कठड्यापाशी घोंगडीत वाढलो,
ब्लेडचा खर्र आवाज म्हणजेच अंगाई असं समजत.

बाबा एका हिवाळ्यात सेंदाईला कामाला गेले
आणि मग त्यांचा पत्ता बदलला.
पोटाला चिमटा म्हणतात ना, तो आमच्याकडे
मिसोच्या सुपात दिसायचा :
वाडग्याचा तळ, त्यावरचं निळं फूल, अगदी स्वच्छ.

ताईचे पहिले बूट दुसऱ्या कुणाचे होते.
आत शाईनं नाव, मिओरी.
ताईनं ते खोडलं नाही. अंगठे आखडून
तीन वर्षं ती त्या अनोळखी मुलीच्या आत गिरक्या घेत राहिली.
ओइकावा बाई फीबद्दल कधी बोलल्या नाहीत.
आईनं तोंड उघडायच्या आतच म्हणायच्या,
"पुढच्या महिन्यात."
असे पुढचे महिने त्यांनी किती साठवले असतील.

माझा बेसबॉलचा हातमोजा विकला, त्या वर्षी नवी ब्लेड आली.
मला विचारलं नाही असं नाही.
विचारलं. मी हो म्हणालो.
नऊ वर्षांच्या पोराच्या हो-ला वजन किती असतं
हे आईला कळत होतं,
तरी तिनं ते घेतलं.
(हे मी ताईला कधी सांगितलेलं नाही.
ती वाचते फारच कमी, तेव्हा इथे चालेल.)

राष्ट्रीय स्पर्धा नागानोला होती.
आईला रजा नाही, हंगाम भरात.
शेजारच्या बाईचा मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून
पट्ट्याच्या कडेला उभा केलेला.
पट्टा थांबला नाही. त्या चार मिनिटांत
तिच्या सुरीखालून किती माकूळ गेले कोण जाणे.
अवघड उडी ताईनं घेतली, फुलपाखरू टेकावं तशी उतरली.
पडली ती नंतर, साध्या वळणावर,
जिथे पडण्यासारखं काहीच नव्हतं.
उठली. संगीत पुढे गेलं होतं, ते तिनं गाठलं.

रात्री तिचा निरोप आला : अकरावी.
आईनं उत्तर लिहिलं : जेवलीस का.

पुढे एकदा सातवी, मग चौदावी, मग घोटा.
सोया सॉसच्या कंपनीनं तिचं नाव फलकावरून उतरवलं,
अगदी नम्रपणे, पेटीभर बाटल्या देऊन.
दोन वर्षं ती एका जहाजावर
जेवणाऱ्या लोकांसमोर नाचली,
खोलीएवढ्या बर्फावर, समुद्र डुलत असताना.
पैसे घरी येत होते. फोटो येत नव्हते.

आता ती इथेच पोरांना शिकवते,
आणि बर्फ गुळगुळीत करायचं मशीन मी चालवतो.

या वसंतात कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला.
आई बँकेतून थेट रिंकवर आली, पावती मुठीत.
म्हणाली, मला भाड्याचे बूट हवेत.
एकसष्ट वर्षांची. चोवीस नंबर.
कठडा धरून दोन पावलं टाकली, थांबली.
ताईनं हात पुढे केला.
आई म्हणाली, "नको, वास लागेल."

ताईनं मग तो हात नाकाशी नेला,
काही बोलली नाही,
आणि दोघी वेड्यावाकड्या रेघा ओढत निघाल्या.

मी मशीनवर बसून होतो.
बर्फ पुसायची वेळ कधीच होऊन गेली होती.