शुक्रवारीतला सोऱ्या

वसुबारसेच्या आदल्या शुक्रवारी
सायकलच्या चेनी आणि मुके रेडिओ यांच्यामधे
तो पडला होता, पितळी, हिरवट.
‘सो रुपिया, बेन,’ म्हणाला. साठात दिला.

चिंचेनं घासला तशी अक्षरं वर आली:
चि. सौ. कुमुदिनीस, मामांकडून, १९५८.

कुठली कुमुदिनी, कुठले मामा.
मांडवीकडच्या कुठल्याशा घरातून
रद्दीबरोबर कुणी काट्यावर घातलं असेल हे नाव.

भाजणी माझी. कंदील गेल्या वर्षीचा,
ओढणीच्या पट्ट्यांची शेपटी लावून.

पहिली चकली पडली, आणि दिसलं:
चकतीच्या चांदणीचं एक टोक झिजलंय,
तिथे काटा उठतच नाही.

कुमुदिनीबाई,
किती दिवाळ्या दाबल्यात हो यातून?