महबूलाचा खड्डा

महबूला म्हणजे अरबीत वेडी, असं मुनाफ सांगतो.
तेवीस वर्षं कुवेतात काढलेल्या माणसाशी
कशाला वाद घाला.

आम्ही सहा जण, तीन दुमजली खाटा,
वायफाय माणशी दीड दिनार.
माझी खाट वरची. बसलं की छताला डोकं लागतं,
म्हणून विधानसभेची निवडणूक
मी आडवा पडूनच लढवली.

दिवसभर डक्टला फॉइल गुंडाळायचं,
रात्री अंगठ्यानं तालुका उलथापालथा करायचा.
इथे सात वाजले की तिकडे साडेनऊ,
जेवणं उरकून माणसं फोन हातात घेतात,
तीच पेरणीची वेळ.
नाव घेतलं ‘कोकणचा ढाण्या’.
खऱ्या नावानं इतकं शूर होता येत नाही.

समोरच्या बाजूला एक ‘सडेतोड’ होता.
आमच्या साहेबांच्या सात पिढ्या त्यानं धुतल्या,
त्याच्या उमेदवाराच्या मी आठ.
मत दोघांनाही होतं, पण बोट तिकडे न्यावं लागतं;
एका बोटासाठी विमानाचं तिकीट कोण काढतो?

एका रात्री वायफाय गेलं
आणि दोन्ही पक्ष एकदम गप्प झाले.
वरून शिवी गेली, खालून शिवी आली,
दोन्ही त्याच कंपनीच्या नावानं.
मग बराच वेळ नुसती एसीची घरघर.
खालच्या खाटेवर मुनाफ सरगुरोह.
डाळ त्यानंच केली होती त्या दिवशी.
मीठ बरोबर होतं.

शेवटच्या आठवड्यात साहेबांच्या माणसाचा निरोप:
रस्त्यावर काहीतरी टाका, झोंबेल असं.
आमच्या बिल्डिंगीमागे टँकर वळतो
तिथे एक खड्डा आहे, बारा महिने भरलेला.
अरबी पाटी कापून टाकली, रंग जरा काळवंडवला,
खाली लिहिलं: माझ्या बायकोची बाजाराची वाट.
सकाळपर्यंत खड्डा तालुकाभर झाला.
सांगता सभेत साहेबांनी तो बॅनरएवढा लावला,
मागे उभ्या बायकांनी म्हणे डोळ्याला पदर लावला.

दर्शनाचा फोन आला.
‘अहो, बाजाराचा रस्ता गेल्या मेमध्येच झाला.
गुळगुळीत. तुमची मुलगी सायकल शिकली त्यावर.’
मी म्हटलं, बोलली नाहीस.
‘विचारलंत कधी? तुम्ही तर
अख्ख्या गावाला सांगत असता.’

त्या रात्री मुनाफ शिडीच्या दोन पायऱ्या चढला,
फोन माझ्या तोंडापुढे धरला, कोपरा मोठा केला.
पाण्यात झावळीची सावली.
‘माड म्हणून खपेल. पण हा खजूर आहे.
फजरला जाताना रोज ह्याच पाण्यात
माझी चप्पल भिजते.’
आणि उतरला.

मी पहाटेपर्यंत फोन बघत राहिलो.
त्यानं टाकलं असतं, तर आम्ही आडवे झालो असतो.
टाकलं नाही.
का, ते मी विचारलं नाही.
शुक्रवारी भात लावायची पाळी माझी नव्हती,
मी लावला.

साहेब सहाशे बारा मतांनी आले.
त्यातली खड्ड्याची किती, कोण मोजणार.
शब्दाला मात्र जागले:
महिन्याच्या आत बाजाराचा रस्ता खणायला घेतला,
नवा करायला.
मग जेसीबी दुसऱ्या गावाला गेला.

दर्शनानं फोटो पाठवला, खाली एक शब्द नाही.
गडग्याला टेकलेली सायकल,
तिच्यापुढे खड्डा, काठोकाठ.
मी खाटेवरून खाली वाकून मुनाफला दाखवला.
त्यानं चष्मा शोधला, लावला,
सवयीनं कोपरा मोठा केला.
‘हा मात्र आपला,’ म्हणाला.
‘ह्यात माड दिसतो.’