सूर

गावाचं नाव सूर.
तरी पहिलं वर्षभर मला तो लागला नाही.
हा विनोद परकारचाचांनी दोनदा ऐकून घेतला,
तिसऱ्यांदा म्हणाले, पुरे.

शुक्रवारी पहाटे, भरती यायच्या आत,
मी आयजाच्या काठावर उभी राहायचे.
दीपगृह, चिखलात कलंडलेलं गलबत,
मागे उघडे डोंगर, भाजक्या विटेच्या रंगाचे.
बिजूच्या स्टुडिओत, पासपोर्टच्या चेहऱ्यांमधून वाट काढत
माझी खाडी छापून निघायची, आठ बाय बारा.
सगळे म्हणायचे, छान.
आईने चिपळूणहून विचारलं,
तिकडे झाडं नाहीत का गं? जेवतेस ना?

चाचा खताच्या कारखान्यात क्रेन चालवायचे,
सव्वीस वर्षं.
फोटो गाडीच्या बॉनेटवर पसरायचा,
चार कोपऱ्यांवर चार खडे,
हातात करक चहाचा कागदी पेला,
आणि बराच वेळ काहीच नाही.
मग:
"डावीकडून समुद्र सांडतोय, बाय."

क्षितिज दोन अंशांनी कललं होतं.

"आणि भार सगळा एका कडेला.
असा लोड मी उचलला असता ना,
खाली माणसं उभी असायची."

राग आला. आलाच.
म्हटलं, पहाटेचा उजेड तर बघा.
"तो रोजचाच आहे. तुझा नाही.
तू कुठे उभी होतीस ते सांग."

तीन दिवस फोटो कपाटात पालथा.
चौथ्या दिवशी उलटवला, तर खरंच
सांडत होता समुद्र.
मी नकळत पाय मागे घेतला
कोरड्या ठाक फरशीवर.

ईदच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा एक आणला,
शर्टाच्या खिशातून, मधोमध घडी पडलेला.
मोकळी वाळू. एक काटेरी झाड.
आणि खालून वर आलेली
फोटो काढणाऱ्याची लांब सावली,
टोपीसकट, कोपरं बाहेर.

"सांग."
"छान आहे."
सुट्ट्या पैशांऐवजी कुणी लिमलेटची गोळी द्यावी
तसा त्यांचा चेहरा झाला.
"छान म्हणजे बघितलाच नाहीस."

मग बघितला.
ऐकून घेणं जड असतं एवढंच ठाऊक होतं मला;
बोलताना माझंच बोट थरथरलं.
"झाड फार मधे आलंय.
आणि सावली आलीय, चाचा. तुमची."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
फोटो नाकापाशी नेला.
"खरंच की. इतकी वर्षं
मी झाडच बघत होतो."
आणि निघाले तडक बिजूकडे,
तेवढा भाग कापून आणायला.

मी मागे धावले. नका ना कापू.

"मग सांगितलंस कशाला?"

याचं उत्तर तेव्हा नव्हतं.
अजूनही नीटसं नाही.
सावली आहे तिथेच आहे; घडीवर मात्र
त्यांनी चिकटपट्टी लावली आहे, मागच्या बाजूने.

आता माझ्या तिकाटण्यावर
त्यांच्या जुन्या पेटीतली पाणसळ असते.
बुडबुडा दोन रेघांमध्ये येईपर्यंत
मी श्वास धरून उभी,
मागे कुणाच्या तरी शेळ्या,
पुढे पाणी, हळूहळू चढणारं.

परवा बॉनेटवर नवा फोटो ठेवला.
चाचांनी चहाचा घोट घेतला. पुन्हा घेतला.
"आता सांडत नाही," म्हणाले.
"आता बाकीचं बोलू,"
आणि चौथा खडा शोधायला
वाकले.